तंबोरा काढा, पण सतार नको

‘एखादं वाद्य काढा’ असं वर्गात म्हटलं की निम्मी मुलं गिटार काढतात आणि उरलेली तबला. मी मुद्दाम तंबोरा काढायला लावते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि मिरजेपासून हाकेच्या अंतरावरच्या मुलांना तो ओळखू येईल असा काढता येऊ नये, हे मला पटत नाही. शिवाय काढायला तो खरोखर सोपा आहे. एक भोपळा, एक दांडी, चार खुंट्या, चार तारा. सतारीसारखे दांडीवर आडवे पडदे नाहीत, मुख्य तारांखाली आपोआप झंकारणाऱ्या बारीक तारा, म्हणजे तरफा, नाहीत.

तरी बहुतेकांचा तंबोरा फसतो, कारण सुरुवात नक्षीपासून होते. भोपळ्याच्या खांद्यावरची कोरलेली पानं, कडेची पांढरी पट्टी यांत अर्धा तास जातो आणि शेवटी दिसते ती सतार. नक्षी नसली तरी तंबोरा ओळखू येतो, प्रमाण चुकलं तर मात्र येत नाही.

म्हणून आधी कागदावर फक्त एक फिकट रेघ मारा. हा तंबोऱ्याचा कणा. भिंतीला टेकवलेला असेल तर ती थोडी कललेली असेल, तशीच कललेली काढा. आता पेन्सिल हात ताठ करून डोळ्यासमोर धरा आणि भोपळ्याची रुंदी अंगठ्याने मापा. ती रुंदी एकूण उंचीत किती वेळा बसते ते पाहा. पुरुष गायकांचा मोठा तंबोरा साधारण पाच फुटांचा असतो, बायकांचा त्याहून आखूड. पण दोन्हींत उंची रुंदीच्या तिपटी-साडेतिपटीच्या आसपास भरते. पुस्तकातला आकडा नको, समोरच्या वाद्याचं माप घ्या. घरी तंबोरा नसेल तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एक चक्कर मारा, नाहीतर एखाद्या गायनाच्या क्लासात विचारा. गवसणी काढून दाखवायला कुणी नाही म्हणत नाही.

भोपळा पूर्ण गोल काढू नका. खाली तो गोल असतो, पण वर खांदे उतरत उतरत दांडीला मिळतात. वर्तुळ काढून त्यावर काठी खोचली की तो तंबोरा न राहता पळी होते. खांद्याचा हा उतार दोन्ही बाजूंना सारखा येईपर्यंत पुढे जाऊ नका, कारण सगळी ओळख इथेच आहे. दांडीही समजता तेवढी बारीक नसते. ती भोपळ्याच्या रुंदीच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकी धरा आणि मोकळी ठेवा. तिच्यावर एक जरी आडवा पडदा दिसला की बघणारा सतार म्हणून मोकळा होतो.

आता घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. ती भोपळ्याच्या सर्वांत रुंद भागाच्या आसपास तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या लाकडी फळीवर, बसते. मुलं ती एका रेघेत उरकतात, पण ती चांगली रुंद, सपाट पाठीची असते, तेव्हा छोट्या पाटासारखी जाडी दाखवा. आणि इथे एक हमखास घोटाळा होतो. तंबोरा कललेला असतो, पण घोडी मात्र कागदाच्या खालच्या कडेला समांतर काढली जाते. घोडी कण्याला काटकोनात हवी. वरच्या टोकाजवळच्या पांढऱ्या आडव्या पट्ट्यांनाही हाच नियम.

खुंट्या चार. दोन समोरून दिसतात, म्हणून त्या नुसत्या गोल बोंडांसारख्या काढायच्या. उरलेल्या दोन डावी-उजवीकडून बाहेर येतात, त्यांची लांबी दिसते. चारही खुंट्या कडेलाच काढल्या की डोकं व्हायोलिनचं वाटायला लागतं.

छाया देताना हात आवरा. समोरून पाहिलं तर दिसते ती तबली, आणि ती जवळजवळ सपाट, किंचित फुगीर. भोपळ्याची गोलाई मागे असते, समोरून तिची फक्त कड दिसते. म्हणून तबलीवर चेंडूसारखी छाया नको. गोलाई दाखवायचीच असेल तर वाद्य थोडं वळवून ठेवा, मग पोट दिसेल.

तारा सगळ्यांत शेवटी, टोकदार पेन्सिलीने. घोडीवर त्यांच्यात अंतर जास्त, वर दांडीच्या टोकाला कमी. घोडीच्या खालीही त्या तबलीच्या तळाच्या कडेपर्यंत जातात आणि तिथे प्रत्येक तारेत एक मणी असतो. सूर बारीक जुळवायला तोच सरकवतात. चार मणी काढायला मिनिटही लागत नाही, पण गाण्यातला माणूस चित्रात आधी तेच शोधतो. तार आणि घोडी यांच्यामध्ये घातलेला जवारीचा दोरा दाखवायच्या फंदात मात्र पडू नका, कागदावर तो नुसता डाग दिसतो.

झालं की नाव न सांगता घरात कुणाला तरी दाखवा. ‘सतार’ म्हणाले तर दांडीवरची आडवी रेघ शोधून खोडा. ‘गिटार’ म्हणाले तर भोपळ्याला कुठेतरी कंबर आली आहे, खांद्याचा उतार पुन्हा काढा. ‘वीणा’ म्हणाले तर वरच्या टोकाला दुसरा भोपळा तर काढला नाही ना, ते पाहा.