‘फ्रँकेन्स्टाइन’ नेटवरून शिकवायची तर आधी आवृत्ती पक्की करा

मेरी शेलीच्या या कादंबरीचा मजकूर, ऑडिओ, हस्तलिखित असं सगळं नेटवर फुकट आहे. तरी वर्गात घोळ होतो, कारण एकाच नावाखाली दोन मजकूर फिरतात: १८१८ चा मूळ आणि लेखिकेनं स्वतः बदललेला १८३१ चा. ‘कुठलीही लिंक द्या, मुलं वाचतील’ हा सल्ला मुळीच ऐकू नका.

१. आवृत्ती ओळखा. मुखपृष्ठावर विसंबू नका, आत बघा. १८१८ च्या मजकुरात तीन खंड आणि एकूण २३ प्रकरणं, प्रत्येक खंडात क्रमांक पुन्हा १ पासून. १८३१ मध्ये सलग २४. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर ८४ क्रमांकाचं पुस्तक २४ प्रकरणांचं आहे. १८१८ चा मजकूर ४१४४५ क्रमांकाला मिळतो. शंका उरलीच तर एलिझाबेथ हे पात्र शोधा. १८१८ मध्ये ती कथानायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइनची आतेबहीण आहे, १८३१ मध्ये कोमो सरोवराकाठच्या गरीब कुटुंबातून आणलेली अनाथ मुलगी.

हे केलं नाही तर काय होतं? ‘पाचवं प्रकरण वाचून या’ म्हटलं की १८३१ वाले व्हिक्टरनं घडवलेला जीव नोव्हेंबरच्या रात्री डोळे उघडतो तो प्रसंग वाचून येतात. १८१८ वाल्यांना पहिल्या खंडाच्या पाचव्यात एलिझाबेथचं पत्र भेटतं. चर्चा तिथेच बसते. म्हणून गृहपाठ देताना प्रकरणाच्या क्रमांकासोबत त्याचं पहिलं वाक्यही द्या. लिब्रीव्हॉक्स या फुकट ऑडिओ-पुस्तकांच्या संकेतस्थळावरचं वाचन निवडतानाही आधी प्रकरणं मोजा, मग आवाज ऐका.

२. फाइल सगळ्यांना एकच द्या, डाउनलोड करून.

३. दोन उतारे शेजारी ठेवा. वीज पडून ओक वृक्ष जळतो तो प्रसंग सर्वांत उपयोगी. १८१८ मध्ये वडील विजेचं स्पष्टीकरण देतात, पतंग उडवून ढगांतली वीज खाली आणण्याचा प्रयोगही करून दाखवतात. १८३१ मध्ये हे काम घरी आलेल्या एका अभ्यासकाकडे जातं आणि वडिलांना विज्ञानात गती नसते. व्हिक्टरच्या वाट चुकण्यात घराचा वाटा किती, हा प्रश्न इथे आपोआप उभा राहतो. साल आधी सांगू नका. फरक मुलांनाच सापडू द्या. तुलनेचं सॉफ्टवेअर वापरणार असाल तर परिच्छेदांतल्या सक्तीच्या ओळतोडी आधी काढा. गुटेनबर्गच्या साध्या मजकुरात प्रत्येक ओळ ठरावीक लांबीला तुटते, त्यामुळे सारख्या ओळीही वेगळ्या दिसतात.

४. हस्तलिखिताचं एकच पान दाखवा. शेली-गॉडविन अर्काइव्ह या हस्तलिखितांच्या संकेतस्थळावर मेरी आणि तिचा नवरा, कवी पर्सी शेली यांची अक्षरं वेगळी करून बघता येतात. तो जीव डोळे उघडतो ते पान घ्या: मेरीनं लिहिलेल्या ‘हँडसम’चं पर्सीनं ‘ब्यूटिफुल’ केलं आहे. आधी पानाचं चित्र, नंतर त्याचा टाइप केलेला मजकूर. अशा दुरुस्त्या बघून ‘कादंबरी पर्सीनंच लिहिली’ असं कुणी म्हणालं, तर आजूबाजूच्या ओळी कुणाच्या अक्षरात आहेत ते मोजायला लावा.

५. सारांशाची संकेतस्थळं वाचन संपल्यावरच. तीही आवृत्ती तपासून.