३८ च्या वर की खाली? एनसीएस (नर्व्हमधल्या संदेशाचा वेग मोजणारी नर्व्ह कंडक्शन स्टडी) शिकणाऱ्यांसाठी
पायातली चप्पल निसटते आणि पत्ताच लागत नाही, असं पेशंट सांगतो, पोटऱ्या काटकुळ्या आणि तळपायाची कमान उंच दिसते, तेव्हा शारको-मारी-टूथ, म्हणजे सीएमटी हा नर्व्हचा आनुवंशिक आजार, मनात ठेवायचा. पण मशीन सुरू करण्याआधी हाताला हात लावून पाहा. डिसेंबरात सकाळी हडपसरहून गाडीवर आलेल्या माणसाचे हात गारठलेले असतात. तापमान एका अंशाने उतरलं की वेग सेकंदाला १.५ ते २.५ मीटरने पडतो. हात ३२ आणि पाय ३० अंशांवर आल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेकायचं पाणी आधी स्वतःच्या हाताला लावून बघा. या पेशंटना चटका कळत नाही.

पावलाच्या स्नायूतून बहुधा काहीच येणार नाही. तो वाळलेलाच असतो, त्यावरून प्रकार ठरत नाही. हाताची मीडियन नर्व्ह घ्या. कोपर ते मनगट २२० मिमी, लेटन्सी (करंट दिल्यापासून लाट उठेपर्यंतचा वेळ) कोपराला १८, मनगटाला ८ मिलिसेकंद. फरक १०. २२० भागिले १०, वेग २२ मीटर प्रति सेकंद. निरोगी हातात तो ५० च्या आसपास किंवा वर असतो. ३८ च्या खाली म्हणजे मायलिनचा, म्हणजे नर्व्हवरच्या आवरणाचा, बिघाड, टाइप १. वेग वर पण लाट बुटकी म्हणजे अ‍ॅक्सॉनचा, म्हणजे आतल्या तंतूचा, टाइप २. एक्स गुणसूत्रावरचा प्रकार मात्र या रेषेच्या दोन्ही बाजूंना सापडतो.

नवखे फसतात ते स्वीपमध्ये, म्हणजे स्क्रीनचं एक घर किती वेळाचं या सेटिंगमध्ये. तो २ मिलिसेकंदांवर राहतो, दहा घरांची स्क्रीन २० ला संपते, १८ ला उठलेली लाट कडेला कापली जाते आणि रिपोर्टात ‘रिस्पॉन्स नाही’. स्वीप ५ वर न्या. शिवाय या जाड नर्व्हना नेहमीचा करंट पुरत नाही. पल्स ०.२ वरून ०.५, लागलीच तर १ मिलिसेकंद करा. लाट वाढायची थांबली तरी करंट आणखी २० टक्के चढवा. कोपराशी करंट अपुरा पडला की तिथली लाट लहान येते, कंडक्शन ब्लॉक (संदेश मधेच अडतोय) असं लिहिलं जातं आणि पेशंटला सीआयडीपी (स्वतःचीच प्रतिकारशक्ती नर्व्हवर हल्ला करते तो आजार) समजून विनाकारण स्टेरॉइड सुरू होतात. टाइप १ए मध्ये सगळ्या नर्व्ह साधारण सारख्याच मंदावतात. मीडियन २२ आणि अल्नर ४५ आली, तर आधी आपलं काम तपासा, सीआयडीपी नंतर.

सोबत आलेल्या आई किंवा वडिलांची एक मीडियन बघून घ्या. तक्रार नसतानाही वेग मंद सापडतो. दोघांचीही नॉर्मल असेल, तर सदोष जनुक दोघांकडूनही आलेलं असू शकतं, म्हणून त्यांचं लग्न नात्यातलं का, मामाची मुलगी केली का, हे सरळ विचारा. जनुक तपासणीच्या फॉर्मवर एमएलपीए (जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) लिहायला विसरू नका. नुसत्या सिक्वेन्सिंगमध्ये टाइप १ए घडवणारी पीएमपी२२ जनुकाची जादा प्रत सुटू शकते.