झिरी मारायची मशीन घेण्याआधी

आयटीआयला वायरमन ट्रेड करताना आमची सगळी वायरिंग लाकडी बोर्डावर झाली. भिंत कशी फोडायची हे कुणी शिकवलं नाही आणि बाहेर पडल्यावर पहिले सहा महिने मी दुसरं काहीच केलं नाही. कन्सिल फिटिंगच्या, म्हणजे वायरिंग भिंतीच्या आत दडवायच्या कामावर नव्या पोराच्या वाट्याला झिऱ्याच येतात, म्हणजे पाइप बसवायला भिंतीत खाच पाडायचं काम.

स्वतः घेतलेलं पहिलं काम कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं. किचनमध्ये दोन पॉइंट वाढवायचे होते. झटपट उरकावं म्हणून मी पाच किलोचा ब्रेकर भाड्यानं आणला. भिंत साडेचार इंची. जरा कुठं छिन्नी आत गेली तोवर पलीकडून काकू ओरडल्या, "आरं, हिकडं देवघरात आलास की रं!" जाऊन बघतो तर परातीएवढा गिलावा खाली. गवंडी, पुट्टी, रंग सगळं माझ्या खिशातून गेलं.

त्यानंतर ज्यांच्या हाताखाली राहिलो त्यांना आम्ही सगळे वस्ताद म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी मशीन हातात दिली नाही. सहा एमएमचा ड्रिल भिंतीत दोन इंच घालायला लावला आणि खाली पडलेली बुकणी दाखवली. पहिली पाऊण इंच गिलाव्याची करडी येते, तिच्यावरून काही ठरवायचं नाही. त्याच्या आत लाल आली तर वीट. पांढरट, पिठासारखी आली आणि ड्रिल लोण्यातून गेल्यासारखा गेला तर एएसी ब्लॉक, म्हणजे तो हलका, सच्छिद्र ब्लॉक. करडीच येत राहिली आणि ड्रिल अडखळायला लागला तर सिमेंटचा ब्लॉक नाहीतर काँक्रीट. कॉलम-बीम असेल तर तिथून झिरी न्यायचीच नाही, रस्ता बदलायचा. मशीन कुठली घ्यायची हे ही बुकणी सांगते, दुकानदार नाही.

विटेच्या भिंतीसाठी बहुतेक पोरं आधी चार इंची ग्राइंडर घेतात. त्याचं पातं जेमतेम इंचभर आत जातं. वायरी घालायचा पंचवीस एमएमचा पाइप आणि वरून अर्धा इंच सिमेंट म्हटलं तर दीड इंच खोली हवी. मग खोलीसाठी गार्ड, म्हणजे पात्यावरचं संरक्षक झाकण काढलं जातं, आणि तिथंच बोटं जातात. माझं मत विचाराल तर सुरुवातीला मार्बल कटर घ्या. तोही पूर्ण दीड इंच जात नाही, पण खालच्या पट्टीमुळं खोली बांधून ठेवता येते आणि दोन्ही हातांत नीट बसतो. पातं डायमंडचं, खाचा असलेलं. अखंड कडेचं पातं टाइल्ससाठी असतं. पात्यावर लिहिलेला आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मशीनच्या आरपीएमपेक्षा कमी नसावा. दोरी मारून सव्वा इंचाच्या अंतरानं दोन काप घ्यायचे आणि मधला भाग छिन्नीनं उडवायचा, तळ हवा तेवढा खोल तिथंच होतो.

छिन्नीच्या त्या कामासाठी दोन-अडीच किलोचा रोटरी हॅमर पुरतो. घेताना एक बघा: काही मॉडेलांत नुसतं ड्रिल आणि हॅमर-ड्रिल एवढंच असतं. छिन्नी चालवायला फिरणं बंद करून नुसता ठोका देणारा तिसरा मोड लागतो. माझ्या मित्रानं स्वस्त म्हणून दोन मोडचा घेतला. तो आता फक्त भोकं पाडतो.

वॉल चेसरला दोन पाती शेजारी-शेजारी असतात, दोन्ही काप एकदम येतात. काम देखणं होतं. पण त्याला धूळ ओढणारा मोठा व्हॅक्युम जोडावाच लागतो आणि घरगुती व्हॅक्युम त्या धुळीत गुदमरतो. सलग फ्लॅटची कामं हातात असली तरच तो घ्यावा. ही धूळ साधी नव्हे. तिच्यात सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. रुमाल बांधून भागत नाही, एन-९५ मास्क आणि गॉगल लागतोच.

एएसी ब्लॉकला तर मशीनच नको. हातानं ओढायची खोबणी काढायची पट्टी मिळते, तिनं झिरी सुरेख निघते.

खोलीचा हिशेब वस्तादांनी पाठ करून घेतला होता: उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, आडवी एक षष्ठांशापर्यंत. साडेचार इंची भिंतीत आडवी म्हणजे पाऊण इंच. तेवढ्यात पंचवीसचा पाइप बसणारच नाही. म्हणून वरून उभं उतरायचं. 'शॉर्टकटनं आडवं न्या' म्हणणारे मालक भेटतात, त्यांना हा आकडा सांगायचा.

काम सुरू करताना घराचा मेन बंद, मग मशीन कशावर चालवायची? मीटरजवळून 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीचा (करंट गळला की लगेच बंद पडणाऱ्या स्विचचा) वेगळा बोर्ड काढून घ्या. तेराशे वॉटचा कटर सहा अँपिअरच्या सॉकेटला लावू नका, सोळाच्या सॉकेटला लावा.

मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घरात मालकांना कन्सिलच हवं होतं. वस्तादांनी ड्रिल मारला, तर तपकिरी माती भसाभसा खाली आली, मातीतलं बांधकाम. त्यांनी बोट घालून भोक थोडं चाचपलं, हॅमर पिशवीत ठेवला आणि मला म्हणाले, "जा, लक्ष्मीपुरीतनं भिंतीवरनं वायर न्यायची केसिंग-पट्टी घिऊन ये."