'बूट'मध्ये जागा नाही म्हणून उबुंटूचे अपग्रेड अडले: माझा अनुभव

उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या २२.०४ आवृत्तीवरून २४.०४ वर जाताना अपग्रेड दरवेळी एकाच ठिकाणी थांबायचे: 'बूट'मध्ये (संगणक सुरू होताना लागणाऱ्या फायलींच्या फोल्डरमध्ये) पुरेशी जागा नाही. मुख्य डिस्कवर ९० जीबी मोकळे होते. दोन रविवार यात गेले.

'एपीटी क्लीन' आदेशाने डाउनलोड झालेल्या पॅकेज फायली पुसल्या, डाउनलोड्स रिकामे केले. उपयोग शून्य, कारण 'बूट' हे वेगळे पार्टिशन, म्हणजे डिस्कचा स्वतंत्र भाग होता आणि इन्स्टॉल करताना मीच त्याला जेमतेम ५०० एमबी दिले होते. नको असलेली पॅकेजे काढणाऱ्या 'ऑटोरिमूव्ह'नेही काही हलले नाही. नव्याने इन्स्टॉल करायचे माझ्या जिवावर आले होते.

जमले ते असे. आधी 'यूनेम -आर' आदेशाने चालू कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) क्रमांक पाहून कागदावर लिहिला. तो आणि सर्वांत नवा, या दोघांना हात लावायचा नाही. मग 'डीपीकेजी -एल' या आदेशाने मिळणाऱ्या पॅकेजांच्या यादीतून जुने कर्नल शोधले आणि प्रत्येकाची इमेज, मॉड्यूल्स आणि मॉड्यूल्स-एक्स्ट्रा ही तिन्ही पॅकेजे एकाच 'एपीटी पर्ज' आदेशात काढली. 'बूट'मधल्या फायली हाताने पुसू नका, पॅकेजची नोंद तशीच राहते.

त्यानंतर इनिटरामएफएसच्या ('बूट'मधल्या, सुरुवातीला लोड होणाऱ्या फाइलच्या) कॉन्फ, म्हणजे सेटिंग्जच्या फाइलमध्ये 'कॉम्प्रेस'ची किंमत झेडएसटीडीऐवजी एक्सझेड (जास्त घट्ट दाबणारी पद्धत) केली आणि 'अपडेट-इनिटरामएफएस -यू -के ऑल' चालवले. 'डीएफ -एच'ने जागा तपासली, होम फोल्डरचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घेतला, रीबूट केले आणि मगच 'डू-रिलीज-अपग्रेड' हा अपग्रेडचा आदेश चालवला.

नव्याने इन्स्टॉल करणार असाल, तर 'बूट'ला किमान २ जीबी द्या.