एचडीएमआय पोर्टवर कच्चा हात फिरला असेल तर

गेम कन्सोलचा पोर्ट घरच्या २५ वॉटच्या सोल्डरगनने बदलायला गेले की हमखास पॅड (पिना जिथे चिकटतात ते तांब्याचे ठिपके) उखडतात. बोर्डातला ग्राउंडचा तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो, सोल्डर वितळत नाही आणि माणूस जोर लावतो. सोल्डर विक (जुनं सोल्डर शोषणारी तांब्याची विणलेली पट्टी) गार झाल्यावर ओढली तरी तेच.

आधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) जुना फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट पसरावं म्हणून लावलेला चिकट पदार्थ, धुवा. साताऱ्याच्या पावसाळी दमटपणात उरलेला फ्लक्स तांबं खातो, हिरवट डाग दिसले की समजा. मग भिंगाखाली १९ पिना एकेक बघा. मल्टिमीटरवर १७ आणि १८ मध्ये बीप आला तर शॉर्ट आहे, वीज देऊ नका. १८ वर ५ व्होल्ट, १७ ग्राउंड.

पॅड गेला असेल तर ट्रेसवरचा (बोर्डावरच्या तांब्याच्या रेषेवरचा) हिरवा थर ब्लेडने हलकेच, साधारण १ मिमी खरवडा. चकचकीत तांबं दिसलं की टिनिंग करून (सोल्डरचा पातळ थर देऊन) ०.१ मिमी एनॅमल वायर जोडा, वर यूव्ही मास्क (अतिनील प्रकाशाने घट्ट होणारा संरक्षक लेप). १ ते १२ पिनांच्या तारा आखूड आणि जोडीजोडीने सारख्या लांबीच्या हव्यात, नाहीतर चित्र लुकलुकतं. नवा पोर्ट बसवताना बोर्ड खालून १०० अंशांपर्यंत तापवा, ६३/३७ सोल्डर वापरा; ते १८३ अंशांना वितळतं.