कोल्हापुरात राहायला येताय? घर ठरवण्याआधी काय काय विचारायचं

कुणाची बदली झालेली असते, कुणाला शिवाजी विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो, कुणाला शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरी लागलेली असते. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, तेव्हापासून त्यात वकील मंडळींची भर पडली आहे. यातले बरेच जण मोबाईलवर फोटो बघतात, एजंटाला फोन करतात, भाडं घासाघीस करून ठरवतात आणि टेम्पो भरून येतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, की भाड्याची गोष्ट शेवटी काढा. आधी पाण्याची काढा. नदीचं पाणी कुठवर येतं आणि नळाचं पाणी कधी येतं, हे ज्या घराबद्दल नीट कळेल त्याच घराचा पुढं विचार करावा. ही उत्तरं एजंटाकडं क्वचित मिळतात. ती गल्लीत मिळतात.

१. पुराचं पाणी कुठवर आलं होतं?

पंचगंगेला २००५, २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर आले. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी मोजतात. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या पुढं गेलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथला प्रत्येक माणूस सकाळी उठल्यावर हा आकडा आणि राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडलेत, हे आधी बघतो. तुम्हीही ती सवय लावून घ्या.

नकाशात घर नदीपासून लांब दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. नदी चढली की जयंती नाल्याला फूग येते आणि पाणी नाल्यातून उलटं शहरात शिरतं. म्हणून शाहूपुरीतली कुंभार गल्ली आणि व्हीनस कॉर्नर नदीकाठी नसूनही पाण्यात जातात. दुधाळी, सुतारवाडा, जामदार क्लबचा परिसर, रमणमळा, बापट कॅम्प, नागाळा पार्कचा सखल भाग, इथं घर बघत असाल तर चौकशी दुप्पट करा. राजारामपुरी, सागरमाळ, टेंबलाईवाडी हा भाग उंचावर आहे. पण एकाच पेठेत एक गल्ली कोरडी आणि शेजारची कमरेएवढ्या पाण्यात असंही होतं, त्यामुळं भागाचं नाव ऐकून समाधान मानू नका, नेमक्या इमारतीचं विचारा.

विचारायचं कुणाला? घरमालकांना विचाराच, पण त्यांच्यावर थांबू नका. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जा, काहीतरी विकत घ्या आणि सरळ विचारा, "मावशी, एकवीसच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं?" पाणी आलेलं असेल तर उत्तर शब्दांच्या आधी हातानं मिळतं. मावशी शटरच्या पत्र्यावर तळहात टेकवून "हितवर आलं हुतं बघा" म्हणतील आणि माल कुठं हलवला, लाईट किती दिवस नव्हती, हेही सांगतील. मग त्याच उंचीची रेघ मनाशी धरून तुमच्या इमारतीत जा. पार्किंगच्या भिंतीला एका ठरावीक उंचीखाली रंग वेगळा आहे का, गिलाव्याला फुगे आलेत का, विजेचे मीटर डोक्याच्या वर उचलून बसवलेत का, ते बघा. नवा रंग खोटं बोलू शकतो, मीटरची जागा सहसा बोलत नाही.

घर विकत घ्यायचं असेल तर पाटबंधारे खात्याच्या पूररेषा बघितल्याशिवाय विसार देऊ नका. निळी रेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत नवीन बांधकामाला मनाई आहे आणि दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध आहेत. बिल्डरनं दाखवलेल्या कागदावर न जाता महापालिकेच्या नगररचना विभागात गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर घेऊन खात्री करा.

२. नळाला पाणी कधी, किती वेळ, कुणाचं?

कोल्हापूरला पाणी कमी नाही, तरी सगळ्या भागांत ते एका वेळेला आणि एका दाबानं येत नाही. काळम्मावाडी धरणातून थेट पाइपलाइनचं पाणी शहरात आलं आहे, पण उंचावरच्या गल्लीत आणि उताराखालच्या गल्लीत फरक पडतोच. शेजारच्या वहिनींना विचारा: पाणी रोज येतं की एक दिवसाआड? पहाटे की संध्याकाळी? टाकी किती मोठी, बोअर आहे का? दोघंही नोकरीला जाणारे असाल आणि पाणी दुपारी येत असेल, तर टाकी भरायची सोय आधी लागते, मग बाकीचं.

याला जोडूनच एक प्रश्न, जो बाहेरचे लोक विचारतच नाहीत: घर महापालिकेच्या हद्दीत येतं का? महापालिका १९७२ साली झाली, आणि हद्दवाढीवर इथं कितीतरी आंदोलनं झाली, तरी शहराला चिकटलेली गावं ग्रामपंचायतीतच राहिली. आर. के. नगर, पाचगाव, कळंबा, उजळाईवाडी, उचगाव या बाजूला फ्लॅट बघताना रस्ता ओलांडला की हद्द बदलते, आणि नळ, कचरागाडी, गटार, रस्त्यावरचे दिवे यांसाठी दाद मागायची जागाही बदलते. अशा ४२ गावांच्या नियोजनासाठी २०१७ मध्ये वेगळं प्राधिकरण नेमलं आहे. या गावांत घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. भाडं परवडतं, हवा मोकळी असते. फक्त उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो का, हे एप्रिल-मेमध्ये तिथं राहिलेल्या माणसाकडून ऐका.

३. रोजची वाट एकदा स्वतः तुडवून बघा

कामाच्या वेळेलाच घर ते कामाचं ठिकाण जाऊन या. शिरोलीला जायचं तर तावडे हॉटेल चौकातली गर्दी आणि पंचगंगेवरचा पूल वाटेत येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती, म्हणून शिरोलीत नोकरी असेल तर अशा दिवसांत कंपनी काय करते हेही विचारून ठेवा. गोकुळ शिरगाव किंवा कागलकडं नोकरी असेल तर शहराच्या दक्षिणेला राहणं सोयीचं. केएमटीची (महापालिकेची) बस तुमच्या गल्लीजवळून जाते का, शेवटची बस किती वाजता, हे थांब्यावर उभ्या असलेल्या मुलांना विचारा. उच्च न्यायालयाचं बेंच सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालय इमारतीत भरतं. तिथं गाडी लावायला जागा शोधण्यापेक्षा चालत पोचता येईल असं घर बघितलेलं बरं.

४. गल्ली कुणाची आहे?

इथली पेठ तालमीभोवती राहते. तालीम म्हणजे नुसता आखाडा नाही. गणपती, फुटबॉलचा संघ, शिवजयंती, कुणाच्या घरचं दुःख, सगळं तिथं येतं, आणि पुरात माणसं बाहेर काढायला आणि जेवण पोचवायलाही तालमी-मंडळांचीच पोरं पुढं असतात. त्यामुळं राहायला आल्यावर पहिल्या आठवड्यातच तालमीत जाऊन ओळख करून द्या, वर्गणी मागायला आले तर दारातून परत पाठवू नका. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाई देवीची, यात्रा निघते. पी-ढबाक या पारंपरिक वाद्यांच्या तालावर नदीचं नवं पाणी घेऊन गल्लीच्या गल्ली टेंबलाईच्या टेकडीवर जाते. बोलावलं तर जा. ओळखी व्हायला याच्यासारखी संधी नाही.

झोप हलकी असेल, घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल, तर मात्र मिरवणुकीचा मार्ग टाळा. मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी या पट्ट्यात अनंत चतुर्दशीला रात्रभर झोप लागणार नाही, आणि नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती गाडी आत न्यायची मारामार होते.

मालक शाकाहारी असतील तर मटण शिजवायची मुभा आहे का, हे न संकोचता आधीच विचारा. यावरून पुढं मन दुखावण्यापेक्षा पहिल्या दिवशी स्पष्ट बोलणं दोघांनाही बरं.

दूध-भाजीची फार चिंता नको. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर म्हैस पिळून धारोष्ण दूध मिळतं, भाजीला कपिलतीर्थ मार्केट आणि लक्ष्मीपुरी आहे.

५. कागद

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे, तेव्हा "कशाला खर्च?" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे ठाम राहा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायची असते, तीही राहून जाऊ देऊ नका. अनामतीची पावती घ्या, चावी घेताना वीज मीटरचा फोटो काढा. घरफाळा, पाणीपट्टी आणि मेंटेनन्स कोण भरणार हे करारात आलंच पाहिजे. आणि पूरपट्ट्यात तळमजला घेत असाल तर पाणी चढल्यावर सामान वरच्या मजल्यावर किंवा गच्चीत ठेवू देणार का आणि घर बंद राहील तेवढ्या दिवसांचं भाडं कसं धरणार, हे मालकांशी बोलून त्याची एक ओळ सहीआधी करारात घालून घ्या.