टर्म चारमधले ठिपके

सिडनीत प्राथमिक शाळेत नव्यानं लागलेल्या आपल्या मराठी शिक्षकांसाठी लिहितेय. रजिस्ट्रेशन, इंग्रजीची परीक्षा, प्रॅक म्हणजे शाळेतला शिकवण्याचा सराव, हे सगळं तुम्ही पार केलंय, त्यात वेळ घालवत नाही. मला बोलायचंय टर्म चारच्या, म्हणजे शाळेच्या वर्षातल्या शेवटच्या सत्राच्या, डिसेंबरातल्या पहिल्या दोन आठवड्यांबद्दल. रिपोर्ट घरी गेलेले असतात, मुलांना सुट्टीचे वेध लागलेले असतात आणि हाताला काही चाळा हवा म्हणून ख्रिसमसचं क्राफ्ट निघतं. मी तिथेच अडखळले.

पहिल्या वर्षी ट्रीवर टांगायला पुठ्ठ्याचे 24 गोल कापले, तपकिरी रंगवले, मुलांच्या हातात कॉटन बड्स दिले आणि पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांनी भरायला सांगितलं. मधोमध कांगारू. खाली पाटी लावली, ‘अ‍ॅबोरिजिनल ख्रिसमस’. या भूमीचा आणि तिच्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लोकांचा, आपण मान राखतोय असं मला मनापासून वाटत होतं. शाळेतल्या अ‍ॅबोरिजिनल एज्युकेशन ऑफिसर आल्या, एक गोल तळहातावर ठेवून बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “हे ठिपके कोणाचे?” मला उत्तर देता आलं नाही. वर्गात धारुग, म्हणजे सिडनी परिसरातल्याच मूळ रहिवाशांच्या, घरातली एक मुलगी होती. तिनंही मुकाट्यानं ठिपके काढले होते. ते आठवलं की अजून पोटात कालवतं.

हे नीट समजून घ्या. ठिपके ही सगळ्या ऑस्ट्रेलियाची खूण नाही. अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला सुमारे 240 किलोमीटरवर वाळवंटात पापुन्या आहे. तिथे 1971 मध्ये शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनानं जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंग्यांची कथा रंगवली. 1972 मध्ये पापुन्या टुला ही कलाकारांची स्वतःची कंपनी उभी राहिली. चित्रं बाहेरच्यांच्या हाती जाऊ लागली तसे विधींमधल्या गुप्त खुणा झाकायला ठिपके दाट होत गेले. त्यांनी जो पडदा ओढला होता, तो मी सजावट म्हणून मुलांच्या हाती दिला. उत्तरेकडच्या अर्नहेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर बारीक रेघांची जाळी काढतात, तिला रार्क म्हणतात, आणि तिचे नमुने कुळाकुळाचे असतात. सिडनीच्या आसपास बघाल तर वालुकाश्मात कोरलेल्या आकृत्या दिसतील. आपल्याकडे पालघरच्या वारली लग्नघरात सुवासिनी चौक लिहितात, मध्ये पालघाट देवी. तो चौक केकच्या डब्यावर छापून कुणी खाली ‘इंडियन डिझाइन’ लिहिलं तर? मी वारली नाही, तरी माझ्या अंगावर काटा येतो.

नेटवरचे तयार प्रिंटआउट वापरूच नका, त्यांवर ना कलाकाराचं नाव असतं ना गावाचं. आणि मेंटर सांभाळून निवडा. माझ्या मेंटरनं “सगळेच करतात” म्हणून होकार दिला होता. “कोणाला विचारलंस का?” असं विचारणारा मेंटर मिळाला तर त्याला सोडू नका, मग तो कितीही कडक असो.

पण घाबरून हा विषय गुंडाळूनही ठेवू नका. शिक्षकांच्या राष्ट्रीय मानकांमधलं 2.4 आपल्याकडून हेच मागतं: मूळ रहिवाशांना समजून घेणं आणि त्यांचा मान राखणं. एका कलाकाराचं एक चित्र दाखवा, नाव सांगा, नकाशावर जागा दाखवा. मग मुलांना स्वतःच्या घराचं, स्वतःच्या नदीचं चित्र स्वतःच्या खुणांनी काढू द्या. ख्रिसमसबद्दलही गृहीत धरू नका: मूळ रहिवाशांच्या काही घरांना ख्रिस्ती मिशनच्या आठवणी जाचतात, काही घरं मनोभावे चर्चला जातात.

आता मी मुलांना कुंपणालगतच्या ख्रिसमस बुशपाशी नेते. वसंतात त्याला बारीक पांढरी फुलं येतात, आणि मग त्यांची निदलं वाढून लाल होतात. भिंगातून बघताना मुलांना कळतं की आपण ज्याला लाल फूल म्हणत होतो ते फूल नव्हेच. गळून पडलेले गमनट्स, म्हणजे निलगिरीची कडक फळं, वेचून आम्ही सुतळीत ओवतो, ट्रीवर तेच चढतात.

धारुग ज्येष्ठांना वर्गात बोलवायचं असेल तर ऑक्टोबरातच शाळेच्या ऑफिसरमार्फत विचारा. आणि मानधनाची रक्कम प्रिन्सिपलकडून मंजूर करून घेतल्याशिवाय निमंत्रण धाडू नका.